एका घरगुती ॲम्प्लिफायरची कैफियत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादकांनी मंडळाच्या आरंभीच्या वर्षांचा वृत्तान्त लिहिण्याची कामगिरी आम्हांवर सोपविली, तेव्हा आम्ही प्रथम जुने वार्षिक अहवाल चाळावयास घेतले. सायक्लोस्टाइल केलेल्या त्या पिवळ्या पानांत वर्गणी, हळदीकुंकू, कोजागिरी आणि नाटकाच्या तालमी यांच्या नोंदींमध्ये १९८३ सालच्या गणेशोत्सवाविषयी एक वाक्य आढळले. नाट्यसंगीताचा कार्यक्रम ‘घरगुती बनावटीच्या ध्वनिवर्धकातील सदोषतेमुळे’ मध्येच विस्कळीत झाला, याबद्दल कार्यकारिणी दिलगीर आहे, असे ते वाक्य. त्या ध्वनिवर्धकाचा, अथवा तो बनविणाऱ्या गृहस्थांचा, मंडळाच्या दप्तरी याखेरीज कोठेही उल्लेख नाही.

या गृहस्थांस वसाहतीतील सारी मराठी मुले ‘रेडिओकाका’ म्हणत. पोलाद कारखान्याच्या विद्युत् विभागात त्यांची नोकरी होती आणि संध्याकाळी क्वार्टरच्या व्हरांड्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करणे हा त्यांचा विरंगुळा होता. दर वर्षी रजेवर देशी गेले की मुंबईस लॅमिंग्टन रोडवर एक फेरी ठरलेली. परतताना ट्रंकेत लोणच्याच्या बरण्यांच्या जोडीला ट्रान्झिस्टर, कंडेन्सर आणि रेझिस्टन्सच्या पुड्या येत. भाड्याने ध्वनिवर्धक आणणे मंडळाच्या तिजोरीस त्या काळी जड जाई, म्हणून काकांनी स्वतः एक ॲम्प्लिफायर बनविला. त्याचे भाग झाळताना टॉर्च धरण्याचे काम आमच्याकडे होते. कार्यक्रमाच्या रात्री मैदानात वायर ओढणारेही आम्हीच. म्हणून ते वाक्य वाचल्यावर पुढचे पान उलटण्यास हात धजेना.

काकांच्या कन्येस आम्ही पत्र धाडले. तिने वडिलांची वही पाठविली, आणि माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला तो ॲम्प्लिफायरही कोणाबरोबर तरी पोहोचता केला. त्या वहीतील आकृती आम्ही हल्लीच्या संगणकावर उतरवून तपासली. त्या तपासणीतून जे निष्पन्न झाले ते या लेखात मांडावयाचे आहे. परंतु ॲम्प्लिफायर म्हणजे काय, तो का बिघडतो, आणि केवळ कागदावरील आकृतीवरून त्याचे दुखणे ओळखण्याची विद्या कोठून आली, हा इतिहास सांगितल्यावाचून तो निकाल वाचकांच्या पदरी पडणार नाही.

आपल्या शास्त्रीय परिभाषेत विजेच्या सर्किटास ‘मंडल’ म्हणतात. योगायोगाचा भाग असेल, पण शब्द समर्पक आहे. निघालेला प्रवाह फिरून मूळ स्थानी आला पाहिजे, आणि वाटेतील प्रत्येक घटकाचे वर्तन इतर सर्वांवर अवलंबून असते. ॲम्प्लिफायर हे असेच एक मंडल. मायक्रोफोनमधून येणारा क्षीण विद्युत्-संकेत घेऊन त्याची हुबेहूब, पण बलवान, प्रतिकृती लाउडस्पीकरला पुरविणे हे त्याचे काम. यातील ‘बलवान’ करणे फारसे अवघड नाही. सारा खटाटोप ‘हुबेहूब’साठी आहे.

या अडचणीची तीव्रता प्रथम जाणवली ती टेलिफोनवाल्यांना. शेकडो मैलांच्या तारेवर आवाज विरून जातो, म्हणून ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर बसवावे लागतात. एका ॲम्प्लिफायरने आवाजात किंचित विकृती आणली तर कान ती सहन करतो. पण एकापुढे एक असे अनेक बसविले म्हणजे प्रत्येकाची विकृती पुढच्याच्या विकृतीत मिसळते आणि शेवटी बोलणे कळेनासे होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हॅरल्ड ब्लॅक नावाचा तरुण अभियंता या प्रश्नाशी कित्येक वर्षे झुंजत होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या लॅकावाना फेरीबोटीतून कामावर जात असता त्यास एकाएकी उत्तर सुचले, आणि हातातील ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्याने आकृती व समीकरणे लिहून काढली. ब्लॅकचे वय तेव्हा २९ वर्षांचे होते.

कल्पना अशी, की ॲम्प्लिफायरच्या शेवटी निघणाऱ्या संकेताचा लहानसा अंश परत आरंभाशी आणून मूळ संकेतातून वजा करावा. गायक तंबोऱ्याशी आपला स्वर पडताळून पाहतो आणि चढला-उतरला असेल तर तत्क्षणी सावरतो, तद्वत् हा ॲम्प्लिफायर आपल्या निर्गमाची तुलना मूळ संकेताशी करतो आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतो. यास ऋण पुनर्भरण म्हणतात. कारागिरांच्या बोलीत निगेटिव्ह फीडबॅक. बदल्यात पुष्कळसे बल गमवावे लागते, पण ते स्वस्त असते. त्याच वर्षी २९ डिसेंबरला घेतलेल्या चाचणीत विकृती एक लक्षांशापर्यंत उतरली. तथापि, निर्गम परत आरंभाशी जोडला असता ॲम्प्लिफायर स्थिर राहील यावर जाणत्यांचाही विश्वास बसेना. १९२८ मध्ये केलेला पेटंटचा अर्ज मंजूर व्हावयास डिसेंबर १९३७ उजाडला.

शंका घेणारे अगदीच चुकीचे नव्हते. झोपाळ्याचे उदाहरण घ्या. हलणारा झोपाळा थांबविण्यासाठी आपण उलट दिशेने हात लावतो. पण हात लावण्यास अर्ध्या झोक्याइतका उशीर झाला तर तोच हात झोपाळ्यास आणखी उंच ढकलतो. ॲम्प्लिफायरमधून संकेत जाण्यास काही काळ लागतो. मंद, म्हणजे खर्जाच्या कंपनांस हा विलंब नगण्य असतो. परंतु सेकंदास लाखो कंपने असतील तेथे तो अर्ध्या झोक्याइतका होऊ शकतो. मग दुरुस्तीचेच रूपांतर ढकलण्यात होते, आणि समोर गाणारा कोणी नसताना ॲम्प्लिफायर स्वतःच गाऊ लागतो. हे गाणे बहुधा मानवी कानाच्या मर्यादेपलीकडचे असते. ऐकू काहीच येत नाही, ट्रान्झिस्टर मात्र तापत जातात.

हे गाणे केव्हा सुरू होईल आणि केव्हा होणार नाही, याचा गणिती निकष मूळचे स्वीडनचे, बेल प्रयोगशाळेतीलच हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये दिला. त्यांचे सहकारी हेंड्रिक बोडे यांनी त्यास व्यवहारी रूप दिले; गाणे सुरू होण्याच्या सीमेपासून आपले मंडल किती दूर आहे, हे मोजण्याची रीत त्यांनी शिकविली. त्यांचा १९४५ सालचा ग्रंथ पुढे या विषयातील आधारग्रंथ ठरला. त्याच प्रयोगशाळेतील ऑटो झोबेल यांचे नावही येथे नोंदवून ठेवू, कारण आमच्या कथेत ते पुन्हा येणार आहे.

युद्ध संपले आणि ही विद्या प्रयोगशाळेतून घराघरांत शिरली. १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॅटच्या एका व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची संपूर्ण आकृती प्रसिद्ध केली. त्यातील विकृती एक दशांश टक्क्याहून कमी होती. देशोदेशींच्या हौशी मंडळींनी तो घरी बांधला. पण येथेच एक नवा धडा मिळाला. विल्यमसन यांनी निर्गमाच्या ट्रान्सफॉर्मरचे तपशील काटेकोर दिले होते. ज्यांनी त्याऐवजी हाताशी असलेला दुसरा बसविला त्यांच्यापैकी पुष्कळांचे ॲम्प्लिफायर अस्थिर निघाले. आकृती तीच, तारा त्याच जोडलेल्या, तरी फळ निराळे. याचे कारण असे, की ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमधील सूक्ष्म धारकता व गळती आकृतीत काढलेली नसते, पण मंडलात असते.

पुढे ट्रान्झिस्टर आला. १९५६ मध्ये एच. सी. लिन यांनी अशी रचना मांडली की जीत निर्गमाचे दोन्ही मोठे ट्रान्झिस्टर एकाच जातीचे असून चालतील, कारण विरुद्ध जातीचे तितकेच बलवान ट्रान्झिस्टर त्या काळी सहज मिळत नसत. आपल्या देशात सत्तरीच्या व ऐंशीच्या दशकांत घरोघरी जे ॲम्प्लिफायर बांधले गेले त्यांतील कितीतरी या रचनेचे वंशज होत. दोन अंगठ्यांएवढ्या धातूच्या टोपीचा २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर हौशी कारागिरांचा जणू घरचा माणूस होता. काकांच्या ॲम्प्लिफायरमध्ये असेच दोन होते. वीजपुरवठा ५० व्होल्टचा, निर्गमाशी २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, आणि शक्ती सुमारे २५ वॅट.

आता त्या रात्रीविषयी. कार्यक्रम मुळात सभागृहात व्हावयाचा होता. गर्दी इतकी लोटली की ऐन वेळी तो बाहेरच्या मैदानात हलविण्याचे ठरले. मैदानाच्या दोन टोकांस १६ ओहमचा एकेक स्पीकर टांगला गेला आणि प्रत्येकापर्यंत सुमारे ४० मीटर जोडवायर आम्ही धावत-पळत ओढली. पाहुण्या गायिकेने पहिले पद सुरू केले तेव्हाच आवाजास एक चरचरीत धार आली होती. दुसऱ्या पदाच्या वेळी फ्यूज उडाला. काकांनी तो बदलला, पुन्हा उडाला. ट्रान्झिस्टर बसविलेल्या पत्र्यावर बोट ठेववेना, आणि तेही दोन पदांमध्ये कोणी गात नसताना. तिसऱ्यांदा फ्यूज गेल्यावर बाईंनी तंबोरा जवळ ओढला आणि पुढच्या रांगांपुरती मैफल केली. मागच्या रांगा उठून गेल्या. मैदानाच्या कडेस चहावाल्याचा रेडिओ होता. त्यावर मध्यम लहरींचे केंद्र लागेना, नुसती शीळ वाजत होती, म्हणून तोही कुरकुरत होता. त्याकडे लक्ष द्यावे असे कोणास सुचले नाही. आम्हांसही नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी ॲम्प्लिफायर घरी तपासला. शंभर ओहमचे, दोन वॅटचे बारा कार्बन रेझिस्टन्स समांतर जोडून त्यांनी सुमारे आठ ओहमचा कृत्रिम भार तयार केला होता. त्यावर ॲम्प्लिफायर तासभर विनातक्रार चालला. घरच्या स्पीकरवरही चालला. काकांनी तसे कार्यकारिणीस सांगितले, आणि त्याचाच विपरीत परिणाम झाला. घरी चालतो आणि मंडळात चालत नाही, हे कोणास पटावे? कोणी उघड बोलले नाही, पण अहवालात ते वाक्य आले. काकांनी यानंतर मंडळासाठी काही बनविले नाही. पुढच्या वर्षापासून ध्वनिवर्धक भाड्याने येऊ लागला आणि काका कार्यक्रमांस शेवटच्या रांगेत बसू लागले.

त्यांच्यापाशी एक मल्टिमीटर होता, ऑसिलोस्कोप नव्हता. सेकंदास लाखो वेळा होणारे कंपन मल्टिमीटरच्या काट्यास दिसत नाही. अशा वेळी कारागिराने काय करावे? त्याचे उत्तर त्या वेळी जगात अस्तित्वात होते, पण ते आमच्या वसाहतीपासून फार दूर होते.

हे उत्तर म्हणजे मंडलाचे संगणकीय अनुकरण, ज्यास सिम्युलेशन म्हणतात. त्याची पाळेमुळे १८४५ सालापर्यंत जातात. त्या वर्षी कोनिग्जबर्ग येथील २१ वर्षांचा विद्यार्थी गुस्टाव्ह किरखॉफ याने नियम सांगितला, की मंडलातील कोणत्याही सांध्यात जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर जातो. प्रत्येक सांध्यासाठी असे एक समीकरण मांडले की सर्व समीकरणे एकत्र सोडवून मंडलाचे वर्तन सांगता येते. अडचण एवढीच, की ट्रान्झिस्टरचे वर्तन सरळ रेषेत जात नाही. म्हणून उत्तराचा आधी अंदाज करावा, चूक किती ते पाहावे, अंदाज सुधारावा, आणि चूक नगण्य होईपर्यंत हे चालू ठेवावे लागते. पुन्हा काळाच्या प्रत्येक सूक्ष्म पावलास हाच खटाटोप. माणसाच्या हातून हे होणे नाही. संगणकास मात्र याचा कंटाळा येत नाही.

१९६० नंतर एकाच सिलिकॉनच्या चकतीवर अनेक ट्रान्झिस्टर घडविले जाऊ लागले. तेथे मधला एखादा भाग काढून दुसरा झाळण्याची सोय नाही आणि आत मीटरचे टोक शिरत नाही. बांधण्यापूर्वीच परीक्षा घेणे भाग पडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९६९-७० च्या सुमारास प्रा. रोनाल्ड रोहरर यांनी आपल्या वर्गाकरवी असा एक प्रोग्रॅम लिहवून घेतला. त्याच्या नावाची आद्याक्षरे जुळवून ‘कॅन्सर’ हा शब्द बनत होता, आणि त्या नावातच ‘किरणोत्सर्ग वगळून’ असे शब्द होते. त्या काळचे असे बरेच प्रोग्रॅम लष्करी पैशावर, अण्वस्त्रांच्या किरणोत्सर्गात सर्किटे टिकतील काय हे पाहण्यासाठी लिहिले जात; आपण त्यातले नव्हे, हे त्या विद्यार्थ्यांनी नावातच सांगून टाकले. त्या वर्गातील लॉरेन्स नेगल यांनी पुढे प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली तो सुधारला. पेडरसन यांची अट होती, की हे काम कोणासही मुक्तपणे देता आले पाहिजे. एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातील वॉटरलू येथील परिषदेत तो ‘स्पाइस’ या नावाने जगापुढे आला. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मसाला. १९७५ मध्ये त्याची दुसरी, अधिक समर्थ आवृत्ती निघाली.

पेडरसन यांच्या उदारपणाचे फळ मोठे आले. विद्यापीठांतून बाहेर पडणारे विद्यार्थी हा प्रोग्रॅम बरोबर नेत, आणि जेथे नेत तेथील लोक त्यातील दोष काढून सुधारणा परत बर्कलीस धाडीत. आरंभी तो छिद्रपत्रिकांच्या गठ्ठ्यावर चाले. गठ्ठा संगणक-कक्षात द्यावा आणि छापील उत्तरासाठी वाट पाहावी. १९८४ मध्ये त्याचे एक रूप वैयक्तिक संगणकावर आले. १९९९ मध्ये माइक एंगलहार्ट यांनी लिहिलेला एलटीस्पाइस हा प्रोग्रॅम त्यांच्या कंपनीने विनामूल्य खुला केला, आणि मग घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या कोणासही ही सोय मिळाली. आम्ही काकांची आकृती तपासली ती यावरच. २०११ साली विद्युत् अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयट्रिपलईने, बर्कली येथील या कामाचा ऐतिहासिक टप्पा म्हणून गौरव केला.

काकांच्या वहीतील आकृती सुवाच्य होती. प्रत्येक रेझिस्टन्सचे मूल्य, प्रत्येक कंडेन्सरचे व्होल्टेज लिहिलेले. आम्ही एकेक सांधा संगणकावर उतरविला. प्रथम स्थिर अवस्था तपासली. निर्गमाचा सांधा ५० च्या निम्म्यावर, २५ व्होल्टवर, ठीक बसला होता. मग खर्ज ते तार अशी सर्व पट्टी तपासली. तीही निर्वेध. निर्गमास आठ ओहमचा भार होता आणि संगणकाचा निर्वाळा असा, की ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. त्या रात्री आम्हांस बरे वाटले हे खरे. पण तीन फ्यूज उडाले होते, हेही खरेच होते. काकांचे बारा रेझिस्टन्सही चाळीस वर्षांपूर्वी हाच निर्वाळा देत होते. संगणकास आम्ही जे सांगितले तेवढेच त्यास ठाऊक होते, आणि आम्ही त्यास तोच व्हरांडा सांगितला होता. मैदान सांगितलेच नव्हते.

मग आम्ही मैदान सांगितले. आठ ओहमच्या जागी खऱ्या स्पीकरचे प्रतिरूप घातले. स्पीकर म्हणजे तारेचे वेटोळे. कानास ऐकू येणाऱ्या कंपनांस ते काही ओहमचा रोध करते, पण लाखो कंपनांस त्याचा रोध इतका वाढतो की तेथे स्पीकर जोडलेलाच नसल्यासारखे होते. त्याच्या जोडीस वायर. शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन तारा म्हणजे एक लांबलचक कंडेन्सरच. त्या जातीच्या जोडवायरचा एक तुकडा मोजता दर मीटरला सुमारे ९० पिकोफॅरड भरले. म्हणजे ८० मीटरला सुमारे ७ नॅनोफॅरड. एवढीशी धारकता, जी कोणी कधी आकृतीत काढीत नाही, ती आम्ही काढली आणि संगणकास पुन्हा प्रश्न केला. या वेळी पडद्यावरील सरळ रेषा प्रथम किंचित थरथरली, आणि पाहता पाहता जाड पट्टा होऊन बसली. सेकंदास सुमारे सात लक्ष कंपने. ॲम्प्लिफायर गात होता.

कारण असे. निर्गमाचा ट्रान्झिस्टर जलद कंपनांच्या बाबतीत सुस्त असतो, आणि या सुस्तीमुळे त्याचे वर्तन वेटोळ्यासारखे होते. वेटोळे आणि कंडेन्सर एकत्र आले की घंटेप्रमाणे एका ठराविक स्वरास निनादतात. व्हरांड्यातील आठ ओहमचे रेझिस्टन्स त्या घंटेवर हात ठेवल्याप्रमाणे निनाद शोषून घेत होते. घरच्या स्पीकरची वायर दोन मीटरची, म्हणून तेथे घंटाच नव्हती. मैदानात घंटा होती आणि हात नव्हता. निर्गमाचे दोन्ही ट्रान्झिस्टर त्या घाईत एकाच वेळी चालू राहू लागले, प्रवाह वाढला, पत्रा तापला, फ्यूज गेला. आम्ही त्या ट्रान्झिस्टरची दोन निरनिराळी प्रतिरूपे वापरून पाहिली. स्वर बदलला, गाणे दोन्हींत होते.

यावर उपाय जुना आहे. निर्गमाशी दहा ओहमचा रेझिस्टन्स आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एकापुढे एक जोडून ठेवावयाचे. ऐकू येणाऱ्या आवाजास त्यांचा उपसर्ग नाही. जलद कंपनांस मात्र ते हात ठेवल्यासारखे शोषून घेतात. मघाशी उल्लेखिलेल्या ऑटो झोबेल यांच्या नावाने ही जोडी ओळखली जाते. संगणकावर ती बसविताच पट्टा मिटून पुन्हा रेषा झाली.

येथे एक गोष्ट लपविता येणार नाही. वहीच्या आधीच्या एका पानावर, काकांच्या पहिल्या आराखड्यात, ही जोडी होती. पुढील पानावर त्यांनी ती खोडली आहे आणि समासात लिहिले आहे, की काढून पाहिली, आवाजात फरक नाही, मीटरवर फरक नाही. दोन भागांची बचत. चूक झाली ती येथे. पण ज्यास ऑसिलोस्कोप मिळत नाही, ज्याने आपल्या ऐपतीतील प्रत्येक परीक्षा घेऊन मगच भाग काढला आणि तसे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, त्याच्या त्या चुकीस निष्काळजीपणा म्हणता येईल काय? आणि ती चूक उघडी पाडणारी ८० मीटर वायर ऐन वेळी आम्ही सर्वांनी मिळून त्यांच्या यंत्रास बांधली होती.

केवळ संगणकाच्या साक्षीवर निकाल देऊ नये, म्हणून आम्ही प्रत्यक्ष ॲम्प्लिफायरही चालवून पाहिला. वाळलेले कंडेन्सर बदलले, दक्षता म्हणून विजेच्या वाटेत साठ वॅटचा एक बल्ब जोडला, आणि निर्गमास एक स्पीकर व ७ नॅनोफॅरडचा कंडेन्सर लावला. शेजारी एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ मध्यम लहरींवर लावून ठेवला. सात लक्ष कंपने म्हणजे मध्यम लहरींच्या पट्ट्यातलाच स्वर. बटण दाबताच बल्ब उजळला. रेडिओचा काटा फिरविता फिरविता एका जागी खरखर एकाएकी दबली आणि तेथे घुमणारा सूर लागला. चहावाल्याचा रेडिओ त्या रात्री हेच सांगत होता. मग आम्ही ती दोन भागांची जोडी झाळली आणि पुन्हा बटण दाबले. बल्ब क्षणभर लकाकून मंद झाला. रेडिओवर जेथे सूर होता तेथे नुसती खरखर उरली.

ब्लॅकने वर्तमानपत्राच्या पानावर आकृती काढली तेव्हापासून ही विद्या एकच गोष्ट पुनःपुन्हा शिकवीत आली आहे. कागदावर जे काढले जाते त्याखेरीज मंडलात आणखी पुष्कळ काही असते: तारांची लांबी, वेढ्यांची गळती, जागा, ऐन वेळची घाई. संगणकास ते सांगितले तर तो हिशेब करतो. न सांगितले तर तो व्हरांड्यातल्याप्रमाणे सर्व ठीक असल्याचे सांगतो. अहवालाच्या एका ओळीचेही तसेच आहे. तीत यंत्र आले, दोष आला. मैदान, वायर आणि माणूस आला नाही. ते वाक्य खोटे नव्हते, अपुरे होते.

काका आज हयात नाहीत. त्यांच्या कन्येस हा सारा वृत्तान्त कळविला तेव्हा तिने एवढेच विचारले, की मग ते दोन भाग कितीला मिळाले असते? आम्हांस आकडा सांगवला नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कार्यकारिणीस आमची सविनय विनंती आहे, की १९८३ सालच्या अहवालाच्या त्या पानास पुढील टीप जोडण्यात यावी: ‘हा ध्वनिवर्धक मंडळाच्या एका सभासदाने स्वतःच्या खर्चाने व श्रमाने बांधला होता. सभागृहासाठी बांधलेले हे यंत्र कार्यक्रमाच्या वेळी लांब वायरींवर मैदानात लावले गेले, आणि त्यामुळे ते बिघडले. मंडळ त्या सभासदाचे ऋणी आहे.’ ॲम्प्लिफायर आम्ही मंडळाच्या स्वाधीन करीत आहोत. तो सुस्थितीत असून, महोत्सवाच्या मैदानात कितीही लांब वायर ओढली तरी आता तो बिघडू नये, अशी व्यवस्था केली आहे.